परगावच्यांचा हात

लाँच धक्क्यावरून सुटायच्या आधी बाबा मला म्हणाले होते, "वळान बघूचाच झाला तर बुरजाकडे बघ. आमच्याकडे नको." लग्नाला आठ दिवस झाले होते. नवरा हवाई दलात, नेमणूक लखनौजवळ बख्शी का तालाबला, आणि मी एक ट्रंक, कोकमाची एक बरणी आणि अंगावरच्या कोऱ्या साडीचं ओझं सांभाळत आमच्या खाडीच्या धक्क्यावर उभी. बाबा बंदरावरच्या आपल्या पिठाच्या गिरणीतून तसेच उठून आले होते, भुवयांवर पीठ होतं. आई माझ्या बरणीचं झाकण पुन्हा पुन्हा घट्ट करत होती.

मी सांगितल्यासारखं केलं. लाँच निघाली तशी बुरजाकडे बघत राहिले. खाडीच्या तोंडाशी, डोंगराच्या पायथ्याला, माडाएवढ्या उंचीचा आमचा जुना बुरूज. दरवर्षी गणपती गेले की सगळा गाव मिळून त्याला चुना देतो. त्यामुळे तुळशीच्या लग्नानंतरच्या त्या सकाळी तो पांढराशुभ्र होता. पलीकडच्या काठाला उतरून एसटीत बसलो, रस्ता वर चढायला लागला, तरी तो दिसत होता. धक्क्यावरची माणसं कधीच दिसेनाशी झाली होती. बाबांचा अंदाज बरोबर होता, मी रडले नाही.

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं गाव सोडून गेलेल्यांनो, हे तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर मी इतकं बोलले आहे, की तिथे आता माझ्या चार ओळींच्या पुढे कुणी वाचणार नाही, आणि ते रास्तच आहे. ज्या बुरजाकडे बघत मी न रडता गाव सोडलं, तोच बुरूज मी लखनौत बसून काळा केला. ते कसं झालं आणि पुन्हा कसं निस्तरलं, ते एकदा नीट सांगायला हवं.

लखनौनं मला वाईट वागवलं असं मी म्हणूच शकत नाही. इथे भाजीवालाही "आप" म्हणतो. बख्शी का तालाबच्या क्वार्टरमध्ये शेजारणी मला मराठी भाभी म्हणायच्या आणि माझ्या हातची सोलकढी "गुलाबी छाछ" म्हणून आपल्या मुलांना पाजायच्या. आजूबाजूला गव्हाची आणि बटाट्याची शेतं, डोक्यावर विमानांचा आवाज. समुद्र नाही याची जाणीव मला पाण्यापेक्षा हवेतून व्हायची. त्या हवेत मीठ नव्हतं, त्यामुळे डब्याबाहेर राहिलेले पापडसुद्धा मऊ पडायचे नाहीत. आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा तिला माझं फार कौतुक वाटलं, जणू काही ते मीच केलं होतं.

नवरा निवृत्त झाल्यावर आम्ही अलीगंजमध्ये लहानसं घर घेतलं. मी हजरतगंजजवळच्या एका कॉलेजात भूगोल शिकवते, तेही हिंदीतून. पंचवीसेक वर्षांत जिभेचं काय होत गेलं ते मला कळलंच नाही. एका मे महिन्यात गावच्या बाजारात मी मासेवालीला "अच्छा, बांगडे कसे दिले भैया" असं विचारलं. तेव्हापासून ती मला भय्याच म्हणते. माझी मुलगी सई तर इथलीच. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. मी म्हणते, "सई, पाणी भरलंस का गं?" ती म्हणते, "भर दिया, मम्मी." असं आमचं चालतं, आणि बरं चालतं.

गावी जायचे ते फक्त मे महिन्यात. कॉलेजला सुट्टी तेव्हाच, सईची शाळा बंद तेव्हाच, आणि आंबेही तेव्हाच. गावाला मी आठ-दहा दिवसांची पाहुणी. मे महिन्यापर्यंत बुरजाच्या चुन्याला खाऱ्या वाऱ्यानं पोपडे आलेले असायचे. एका भेगेतून पिंपळानं मूळ घातलं होतं आणि वरचे दोन दगड सुटायला आले होते. दर वर्षी मी तो तसाच बघितला, आणि हळूहळू मला वाटायला लागलं की गावाला त्याची काही पडलेली नाही.

त्यातच मला इथे एक नवा नाद लागला होता. जुन्या लखनौमध्ये रविवारी सकाळी काही हौशी लोक जुन्या इमारती बघायला पायी फिरतात. मी त्यांच्यात जायला लागले. पातळ जुन्या विटा, चुन्याचं काम, कमानी. तिथे एका पडक्या दरवाज्याचं काम चाललं होतं आणि रईस भाई नावाचे म्हातारे मिस्त्री त्यावरचा तेलरंग आणि सिमेंटचा थर ब्रशनं हळूहळू काढत होते. मी दोन तास उभी राहून बघितलं. ते म्हणाले, "इसका असली चेहरा निकाल रहे हैं, बिटिया. नीचे सही-सलामत है, बस लोगों ने ऊपर से पोत दिया." खालून नक्षी उमटत होती. मला अगदी भरून आलं, आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात आमचा बुरूज आला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. बुरजाच्या डागडुजीसाठी ग्रुप निघालाच होता. पुण्यातले होते, मस्कतमधले होते, एक टोरांटोतले होते. आपण सगळे बाहेरचे, फोटो बघून बोलणारे. मी मात्र सगळ्यांत जास्त बोलले. भेगा चुन्यानंच बुजवा, सिमेंट नको, हे मी सांगितलं आणि ते बरोबर होतं. पिंपळाचं मूळ नीट काढा, हेही बरोबर होतं. मग मी रईस भाईंचं ते वाक्य सगळ्यांना पाठवलं आणि लिहिलं, की बुरजावरचे चुन्याचे सगळे थर खरवडून मूळचा काळा दगड उघडा करायला हवा. आपल्या बुरजाचा खरा चेहरा पुढच्या पिढीला दिसला पाहिजे, वगैरे. टोरांटोहून टाळ्या आल्या. मस्कतहून जोडलेले हात आले.

गावाकडून एकच प्रश्न आला होता. बाबलदादाचा. बाबलदादा म्हणजे शाळेत माझ्या दोन वर्षं पुढे असलेला, शेजारच्या आळीतला. त्याची स्वतःची लहान होडी आहे आणि गावातल्या डागडुजीच्या कमिटीत तो होता. त्यानं लिहिलं होतं, "मगे चुन्याचा काय?" मी त्यावर अंगठ्याचं चित्र टाकलं आणि खाली मूळ दगडाच्या महत्त्वावर लांबलचक मजकूर लिहिला. आईनंही फोनवर एकदा म्हटलं होतं, की पांढरा आहे तोच बरा दिसतो. मी तिला म्हटलं, "आई, ते हेरिटेज असतं, तुला नाही कळायचं." ती म्हणाली, "आसात बाय." आसात म्हणजे असेल. आमच्याकडे माणूस वाद सोडून देतो तेव्हा म्हणतो तसं.

थंडीत काम झालं. मिस्त्र्यांनी तारेचे ब्रश आणि यंत्र लावून बुरूज घासून काढला. मे महिन्यात मी गेले तेव्हा तो काळा, घडीव, देखणा उभा होता. मी त्याच्यापुढे सईबरोबर फोटो काढला. पायथ्याशी एक पाटी होती, तिचा मजकूर मीच लखनौहून लिहून पाठवला होता: "या वास्तूस चुना अथवा रंग लावण्यास सक्त मनाई आहे." सक्त हा शब्द मी खास घातला होता. त्या आठ दिवसांत बुरजाबद्दल गावात कुणीही माझ्याशी बोललं नाही, आणि मी त्याचा अर्थ समाधान असा घेतला.

त्या वर्षी गणपती गेल्यावर गावानं बुरजाला चुना दिला नाही. पाटीच होती ना. मी लखनौत मुलांच्या परीक्षांचे पेपर तपासत होते, मला त्या दिवसाची आठवणही झाली नाही.

दिवाळीनंतर आईचा फोन आला, त्यात बाकीच्या बातम्यांबरोबर एक होती, की बाबलची होडी उलटली आणि त्याचा खांदा निखळला. मी हळहळले. समुद्रावरच्या माणसाचं असं व्हायचंच, असं काहीतरी म्हणाले. डिसेंबरात आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी रजा काढून गावी गेले. इतक्या वर्षांत मे सोडून पहिल्यांदाच.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या दारी विहिरीवर तोंड धूत होते. घराची मागची भिंत तांबड्या चिऱ्याची, कधी रंग न लावलेली. तिच्यावर चुन्याचा एकच पट्टा ओढलेला दिसला. आईचा हात जिथवर पोचतो तिथपासून खाली कमरेपर्यंत, सोडणाच्या कुंच्याचा रुंद फराटा, खाली ओघळ सुकलेले. सोडण म्हणजे नारळाची साल. ती ठेचून आम्ही चुन्याचा कुंचा करतो. मला वाटलं, कुणी गंमत केली. आई ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर हिरवं फडकं धरून पायरीवर बसली होती. तिला विचारलं, हे काय आहे. ती म्हणाली, "तुझो हात तो."

मला कळेना. ती चिडली नव्हती, तिच्या आवाजात गाऱ्हाणंही नव्हतं. चुन्याच्या दिवशी ती सवयीनं डबा घेऊन बुरजाकडे गेली होती. पाटी वाचून परत आली. "तुझो हात खय मारू मगे? बोर्ड तूच लावलंस. म्हणान हय मारलंय."

मग मला सगळं आठवलं, आणि मी तशीच ओल्या तोंडानं तिच्याशेजारी बसले. लहानपणी चुन्याचा दिवस म्हणजे आम्हाला जत्रा. घराघरातून एकेक डबा चुना आणि एकेक कुंचा. पुरुष बांबूच्या परांचीवरून वरचं काम करायचे, बायका आणि पोरं हात पोचेल तिथलं. आणि शेवटी, सगळा बुरूज झाल्यावर, एक जाणता माणूस नावं पुकारायचा. जे गाव सोडून गेले त्यांची नावं. मुंबईचा अमका, जहाजावर गेलेला तमका. नाव घेतलं की त्याच्या घरचं कुणीतरी पुढे होऊन त्याच्या नावानं चुन्याचा एक हात मारायचं. घरचं कुणी नसेल तर शेजारी मारायचा. त्याला परगावच्यांचा हात म्हणायचे. माणूस वारला की नाव यादीतून जायचं, तोवर नाही. ही नावं मी किती वेळा ऐकली असतील. ती गेलेल्यांची असतात एवढं मला माहीत होतं. मी स्वतः गेलेली आहे, हे मात्र कधी माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी आपली सुट्टी मिळाली नाही म्हणून लखनौत होते.

पंचवीस वर्षं माझ्या नावाचा हात पडत होता. बाबा होते तोवर ते मारायचे, ते गेल्यावर ती. मला कधी का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं. तिला प्रश्नच कळला नाही. त्यात सांगण्यासारखं काय आहे, असं म्हणून ती चहा टाकायला उठली. आणि मी तो थर यंत्र लावून खरवडून काढला होता. माझा, बाबांच्या हातचा, तुम्हा सगळ्यांचा. मला इतकी लाज वाटली की त्या दिवशी घराबाहेर पडवेना.

तिसऱ्या दिवशी बाबलदादाकडे गेले. तो पडवीत जाळं विणत बसला होता, डावा हात अंगाशी धरलेला. खांद्याचं त्यानं आपणहून काही सांगितलं नाही. मला खोदून विचारावं लागलं. आमच्या खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचा दांडा आहे. होडी आत घेताना बुरूज आणि त्याच्या मागे डोंगरावरच्या देवळाचा कळस एका रेषेत ठेवायचा. रेष मोडली की होडी वाळूवर. कातरवेळी कळस आभाळावर दिसतो, पण खाली मागचा डोंगर काळा, झाडं काळी, आणि त्या अंधुक उजेडात दिसायचा तो फक्त चुन्याचा पांढरा. त्या संध्याकाळी वारा होता, लाटा होत्या. त्यानं बुरूज शोधला आणि त्याला बुरूज सापडला नाही. होडी दांड्यावर चढली आणि उलटली. तो आणि त्याचा जोडीदार पोहत आले, जाळी गेली.

मी भूगोल शिकवते. खूण, दिशा, नकाशा हा माझा पहिल्या वर्षाचा पहिला धडा आहे.

मी त्याला म्हटलं, दादा, तू मला सांगायचं होतंस. तो जाळ्यातून मान वर न करता म्हणाला, "इचारलंय मां ग्रुपार. तू आंगठो दाखयलंस."

त्याला राग आला असता तर मला सोपं गेलं असतं. तो म्हणाला, तुम्ही शिकलेली माणसं, आम्हाला वाटलं तुम्हाला काहीतरी ठाऊक असेल. मग आत जाऊन त्यानं कागदात गुंडाळलेलं काहीतरी आणलं. खरवडताना निघालेला चुन्याचा एक पोपडा, चांगला बोटभर जाड. कडेनं बघितलं तर आत कागदाच्या गठ्ठ्यासारखे थर, कुठे पांढरे, कुठे पिवळट. बाकीचा सगळा खाडीत टाकला होता, कारण मीच तसं लिहिलं होतं. हा त्यानं ठेवून दिला होता. "ह्यात तुझो पण आसतलो," म्हणाला, आणि तो माझ्या हातात दिला. आता काय करायचं, असं मी विचारलं, तेव्हा त्यानं एवढंच सांगितलं, की पाटी आमच्यानं निघणार नाही. बाहेरच्या सगळ्यांनी मिळून ठरवलंय, आता गाव परत चुना लावायला गेलं तर अडाणी ठरेल. तू बोललीस तर ऐकतील.

मी बोलले. ते तुम्ही वाचलं आहे. अलीगंजच्या घरी जेवणाच्या टेबलाशी बसून मी वहीच्या पानावर खाडीचं तोंड काढलं, दांडा काढला, बुरूज आणि कळस यांची रेष काढली, आणि फोटो टाकून खाली लिहिलं की माझी चूक झाली. बुरूज पुन्हा पांढरा करायचा आहे. टोरांटोचं म्हणणं होतं की मी भावनेच्या भरात बोलते आहे, आणि मोबाइलवर नकाशा असतो की. मी विचारलं, एक हात सुकाणूला, एक हात इंजिनाला आणि अंगावर लाट येत असताना प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला मोबाइल कुठल्या हातानं काढायचा. त्यावर एक-दोघं रुसून ग्रुप सोडून गेले. त्यांना मी दोष देत नाही. काळ्या दगडाचे फोटो खरंच सुंदर होते आणि माझ्याच शब्दांवर त्यांनी विश्वास ठेवला होता. नंतर एकेक करून होकार आले. टोरांटोचा सगळ्यात शेवटी आला, एका शब्दाचा.

पुढच्या गणपतीनंतर मी सईला घेऊन गावी गेले. पाटी मी स्वतः उपटली. आणि मग असं झालं, की चुना बसेचना. पहिला हात दिला तो दुसऱ्या दिवशी दुपारी पापुद्र्यानं सुटून खाली आला. म्हाताऱ्या माणसांनी डोकं खाजवलं. गावात आजवर सगळ्यांनी चुन्यावर चुना दिला होता. कोऱ्या, यंत्रानं गुळगुळीत केलेल्या दगडावर पहिला हात कसा मारायचा, हे जिवंत माणसांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी रईस भाईंना फोन लावला आणि पहिल्यांदा त्यांचं वाक्य मी कुठे आणि कसं वापरलं ते कबूल केलं.

ते म्हणाले, "हमने तो उस दरवाज़े की बात की थी, बिटिया. हर इमारत से पहले पूछा जाता है." आणि लगेच कामाचं बोलले. दगड तहानलेला आहे, त्याला आधी दिवसभर पाणी पाजा. छिन्नीनं जरा खरबरीत करा. मग पहिला हात दुधासारखा पातळ द्या, जाड दिलात तर रुसेल. सावलीत सुकू द्या. हे मी मालवणीत सांगायला गेले आणि अर्धं हिंदीत सांगून बसले, पण बाबलदादाला बरोबर कळलं. दोन दिवस गावानं बुरजाला पाणी पाजलं. खाडीचं नाही, विहिरीचं, रांग लावून, हंड्या-कळशांनी. सई रांगेत उभी होती आणि "आजी, इधर दो, इधर दो" करत होती. तिची हिंदी कुणाला खटकली नाही.

तिसरा हात झाल्यावर बुरूज पुन्हा दिसायला लागला. बाबलदादाला खांद्यामुळे हात वर नेता येत नव्हता, म्हणून त्या वर्षी नावं पुकारायचं काम त्याच्याकडे आलं. यादी कागदावर नसतेच, ती तोंडपाठ. मुंबई, पुणे, मस्कत. टोरांटोचं नाव आलं तेव्हा त्यांच्या म्हाताऱ्या आत्यानं पुढे होऊन हात मारला. मग सवयीनं त्यानं पुकारलं, लखनौची सुजाता. आई कुंचा घेऊन पुढे निघालीच होती, तेवढ्यात तिच्या लक्षात आलं आणि ती थांबली.

"ती हयच आसा," ती म्हणाली. "तिचो तिका मारूं दे."

सगळे हसले, मीही हसले, आणि कुंचा हातात घेतल्यावर मला समोरचं दिसेना. धक्क्यावर बाबांनी वाचवलेलं रडू असं इतक्या वर्षांनी आलं. हात मात्र नीट मारला.

सगळं झाल्यावर सईनं हळूच विचारलं, "मम्मी, मेरा नाम नहीं लिया?" मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, नाव जो गेला त्याचं घेतात. ही कुठे गेली, हिचं घर लखनौला. तिनं ते प्रेमानंच म्हटलं होतं आणि ते खरंही होतं. सईला ते लागलं नाही, तिनं मान हलवली. लागलं ते मला. मी माझ्या मुलीला गाव देऊ शकले नाही, एवढी वर्षं याची खंत करत होते. तिचं गाव मी तिला केव्हाच देऊन बसले होते, आणि मला ते गाव वाटत नव्हतं.

आता इथलं सांगते. यंदा पावसाच्या तोंडावर सईला हैदराबादला नोकरी लागली. सकाळी टॅक्सी अलीगंजच्या आमच्या दाराशी आली. तिची बॅग डिकीत गेली, कोकमाची बरणी तिनं "वहाँ सब मिलता है, मम्मी" म्हणून माझ्याच हातात परत दिली. मला बाबांसारखं काहीतरी म्हणायचं होतं, पण इथे बघ म्हणून दाखवायला काय होतं? फाटकाचा खांब, विजेची तार, समोरच्यांची स्कूटर. मी नुसतं "पोचलीस की फोन कर" म्हटलं. टॅक्सी वळेपर्यंत ती मागच्या काचेतून बघत होती. कशाकडे ते मला दिसलं नाही.

मला कुणी विचारलं की आता तुझं घर कुठलं, तर पूर्वी मी अडखळायचे. एक पत्ता सांगायचे आणि मनात दुसरा असायचा. हल्ली मला एवढंच कळतं, की जिथे आपल्या नावाचं काम आपल्यामागे दुसरं कुणी उरकतं आणि त्याचा बोभाटा करत नाही, ते घर. तुमच्यापैकी जे बाहेर आहेत त्यांना म्हणून हे कळवते आहे, की तुमच्याही नावाचा हात दरवर्षी पडतो. आणि गावातल्यांना काय कळवू? तुम्हाला ते ठाऊकच आहे.

यंदा गणपतीनंतर मला रजा मिळाली नाही. आईचा फोन आला. तब्येत, पाऊस, माशांचे भाव आणि शेवटी, "तुझो मारलंय हां." आता ती सांगते. मी विचारल्यामुळे.

त्या रविवारी मी अलीगंजच्या बाजारातून चुन्याची पुडी आणली, बादलीत भिजवली, दुधासारखी पातळ केली. फाटकाच्या खांबाला आधी पाणी पाजलं. सोडण कुठलं मिळणार, गावाहून कधीतरी आलेल्या नारळाची साल होती तीच ठेचली. आणि खांबाच्या आतल्या बाजूला, माझा हात पोचतो तिथपासून खाली, एक हात मारला. समोरचे मिश्राजी स्कूटर पुसत होते. ते अदबीनं म्हणाले, "पूरी दीवार नहीं पुतवाएँगी, भाभीजी?" मी म्हटलं, नाही, एवढंच होतं.

सई हे वाचणार नाही. चार ओळी झाल्या की ती म्हणेल, "मम्मी, आप ही बता दो ना, क्या लिखा है." मी तिला बुरजाचं सांगेन, बाबलदादाचं सांगेन, माझ्या चुकीचं तर नक्की सांगेन. खांबाचं सांगणार नाही.